परदेशातल्या मानवी हक्कांसाठी प्रायोजित पदयात्रा कशी काढायची

२०० माणसे दोन-दोनच्या जोडीने चालली, तर पदयात्रा साधारण १५० मीटर लांब होते. फलक घेऊन चालणाऱ्या गटाचा वेग ताशी ३.५ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासमोरून ती अडीच-तीन मिनिटांत निघून जाते, आणि तेवढ्यात त्याचे दोन फलक वाचून होतात.

आता दुसरा हिशेब बघा. त्याच २०० जणांनी प्रत्येकी १० प्रायोजक, म्हणजे आपल्या चालण्याबद्दल देणगी देणारी माणसे, गाठले, तर २,००० लोकांशी समोरासमोर बोलणे होते. एकेक बोलणे चार-पाच मिनिटांचे, तेही ओळखीच्या माणसाकडून आणि खिशात हात घालायला लावणारे. जागृतीचे खरे काम इथे होते. पदयात्रा हे त्या २,००० संभाषणांचे निमित्त आहे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

तयारीला १२ आठवडे धरा आणि सुरुवातीला सहा जण जमवा. एकाकडे परवानग्या, एकाकडे मार्ग, एकाकडे नोंदणी, एकाकडे पैसे, एकाकडे माहितीपत्रके आणि एकाकडे सुरक्षा. नोंदणी आणि पैसे एकाच माणसाकडे देऊ नका. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पुढे हिशेबावर कोणी बोट ठेवले तर त्याच्या बाजूने बोलायला दुसरा कागद हवा, म्हणून.

१. विषय अरुंद करा

'जगभरातील अन्यायाविरुद्ध पदयात्रा' असे नाव दिले की प्रायोजकाला काय सांगायचे हेच चालणाऱ्याला कळत नाही. एक देश, एक प्रकारचा अन्याय आणि एक मागणी, एवढेच घ्या. कोणावर काय होत आहे, कोण करत आहे आणि आपण कोणाकडे काय मागतो, हे २५-३० शब्दांत लिहून बघा. तेवढ्यात बसत नसेल तर विषय अजून पसरट आहे.

मागणी शक्यतो आपल्याच सरकारकडे किंवा लोकप्रतिनिधीकडे करा. 'तिकडचा छळ थांबवा' ही भावना झाली. तिच्यावर कोणी कार्यवाही करायची ते त्यातून कळत नाही. ठोस मागणीसाठी एक चांगली वाट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत १९३ सदस्य राष्ट्रांपैकी प्रत्येकाचा साधारण साडेचार वर्षांनी एकदा आढावा होतो. त्याला 'सार्वत्रिक नियतकालिक आढावा' म्हणतात आणि तो २००८ पासून चालू आहे. त्यात इतर राष्ट्रे प्रश्न विचारतात, शिफारशी करतात, आणि त्यातल्या कोणत्या स्वीकारल्या ते आढावा झालेल्या देशाला सांगावे लागते. 'आमच्या सरकारने या आढाव्यात अमुक कैद्यांचा प्रश्न मांडावा' ही मागणी कोणालाही समजते आणि ती पूर्ण झाली की नाही हे नंतर तपासताही येते.

माहितीच्या बाबतीत तीन नियम कडक पाळा.

प्रत्येक आकड्याला दोन स्वतंत्र आधार हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय किंवा विशेष प्रतिवेदक (एखाद्या विषयाची किंवा देशाची पाहणी करायला नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) यांचा अहवाल मिळाला तर तो आधी घ्या. दोन वर्तमानपत्रांनी एकाच संस्थेचे पत्रक छापले असेल, तर तो आधार एकच धरायचा.

समाजमाध्यमांवरचा फोटो उलट शोध घेतल्याशिवाय, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आणि कधी आला होता ते तपासल्याशिवाय, वापरू नका. दुसऱ्या देशाचा, दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो फलकावर गेला की विरोधकांना तेवढेच पुरते, आणि ज्यांच्यासाठी चालायचे त्यांची खरी कैफियतही खोटी ठरवली जाते.

शब्द जपून वापरा. 'नरसंहार' हा शब्द १९४८ च्या करारात व्याख्येने बांधलेला आहे. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट संपूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू त्यात असावा लागतो. सगळ्या हत्याकांडांना तो लागू होत नाही. चौकशीत जे सिद्ध झाले ते सिद्ध म्हणून लिहा, आरोप असतील तर आरोप म्हणून. घोषणाही राज्यकर्त्यांबद्दल ठेवा, त्या देशाच्या लोकांबद्दल नको. त्याच देशातून आलेली माणसे तुमच्या आसपास राहत असतील, आणि कित्येकदा तीच त्या राजवटीतून जीव वाचवून आलेली असतात.

२. ज्यांच्यासाठी चालायचे, त्यांना आधी विचारा

हा टप्पा बहुतेक नवे आयोजक गाळतात, आणि सगळ्यांत मोठी हानी इथेच होते. त्या देशातून आलेल्या स्थलांतरितांच्या किंवा निर्वासितांच्या संघटनेला भेटा. नाव आणि फोटो वापरल्याने कैद्याला फायदा होईल की तोटा? तिकडच्या नातेवाइकांना त्रास होईल का? कोणते शब्द त्यांना अपमानकारक वाटतात? ही उत्तरे बाहेरच्या माणसाला अंदाजाने देता येत नाहीत. काही कैद्यांना प्रसिद्धीने संरक्षण मिळते, काहींची शिक्षा वाढते. कुटुंबाने 'नको' म्हटले की विषय तिथे संपला.

अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या 'प्लाझा दे मायो' या चौकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातांचा इतिहास प्रत्येक आयोजकाने लक्षात ठेवावा. लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला या बायका ३० एप्रिल १९७७ रोजी चौकात जमल्या. घोळका करून उभे राहायला मनाई होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. म्हणून त्या जोडीजोडीने चौकाला फेऱ्या घालू लागल्या आणि त्यातून दर गुरुवारची त्यांची फेरी सुरू झाली. त्यांच्यात बेपत्ता माणसाचा भाऊ म्हणून एक तरुण येत असे. तो प्रत्यक्षात नौदलाचा अधिकारी होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्यातल्या काही जणींना उचलून नेले. अग्रणी असुसेना व्हिजाफ्लोर यांना १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनालाच, पळवण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटायला २००५ साल उजाडले.

तुमचे गाव कितीही सुरक्षित असले, तरी तुमच्यासोबत चालणाऱ्या एखाद्याची आई अजून त्या देशात असू शकते. म्हणून एवढे कराच:

– नोंदणीची यादी छापून टेबलावर पसरू नका. ती एकाच माणसाकडे, कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवा आणि हिशेब मिटल्यावर गरज नसलेले तपशील नष्ट करा.
– सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतील असा व्हॉट्सअ‍ॅप गट काढू नका. ब्रॉडकास्ट यादी वापरा.
– ज्यांना फोटो नको त्यांना ठळक रंगाची फीत द्या. ही माणसे रांगेच्या एका ठरलेल्या भागात चालतील आणि त्या भागात कॅमेरा जाणार नाही, हे छायाचित्रकाराला लेखी कळवा.
– थेट प्रक्षेपण टाळा. फोटो टाकण्यापूर्वी त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका आणि चेहरे पुन्हा तपासा.
– नवा माणूस खूप प्रश्न विचारत असेल, विशेषतः निर्वासितांची नावे-पत्ते, तर उत्तर द्यायचे बंधन कोणावरही नाही, हे स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.

३. पैसा कुठे जाणार ते छापून सांगा

देणगी घेण्यापूर्वी ती कोणाला जाणार हे ठरलेले हवे. नोंदणीकृत संस्था निवडा आणि तिच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या पदयात्रेला तिची संमती, पैसा कशावर खर्च होईल ते, आणि पोचपावती किती दिवसांत मिळेल ते. कैद्यांना वकील, छळातून वाचलेल्यांवर उपचार, निर्वासित मुलांचे शिक्षण असे उद्दिष्ट नेमके असले की प्रायोजकाला हात आखडता घ्यायला कारण उरत नाही.

सीमेपलीकडे पैसा पाठवण्यावर बहुतेक देशांत कायद्याची बंधने असतात. ज्या देशावर आर्थिक निर्बंध आहेत तिथे तर बँक व्यवहार अडवूनही ठेवते. कोणाच्या तरी चुलत भावाच्या खात्यावर पाठवून काम भागवू नका. त्यामुळे तुम्ही अडचणीत याल, आणि तिकडे परदेशी पैसा घेतल्याच्या आरोपाखाली तो माणूस तुरुंगात जाऊ शकेल. ज्या संस्थेला असे पैसे पोचवण्याची परवानगी आणि अनुभव आहे तिच्याकडेच हे काम सोपवा. धर्मादाय संस्थांना राजकीय मागण्या करण्यावर मर्यादा असतील, तर फलकांचा मजकूरही त्यांना आधी दाखवा.

स्वतंत्र खाते, दोन सह्या. फलक, छपाई, पाणी, विमा यांचा खर्च देणग्यांतून करणार असाल तर ते पत्रकावरच लिहा. त्याहून बरे म्हणजे खर्चासाठी एक-दोन दाते वेगळे शोधावेत. मग 'तुमची पूर्ण रक्कम पोचेल' असे छातीठोकपणे सांगता येते.

४. प्रायोजक-पत्रक आणि त्यामागचे बोलणे

पत्रकाच्या माथ्यावर तुमचे ते २५-३० शब्दांचे वाक्य, संस्थेचे नाव, पदयात्रेची तारीख आणि अंतर असावे. त्याखाली रकाने: प्रायोजकाचे नाव, संपर्क, दर किलोमीटरची रक्कम, कमाल मर्यादा, किंवा ठोक रक्कम, रक्कम मिळाल्याची तारीख, पावती क्रमांक, आणि 'पुढची माहिती कळवावी का' याचे हो किंवा नाही. एका पानावर दहाच ओळी ठेवा. दहा ओळी भरायच्या आहेत हे दिसले की माणूस भरतो. तीस रिकाम्या ओळी बघून सुरुवातच होत नाही.

कमाल मर्यादेचा रकाना कधीही गाळू नका. प्रायोजक मनात दोन-तीन किलोमीटर धरतो आणि उत्साही पोरगा बागेला फेऱ्या मारून पंधरा किलोमीटर चालतो. मग पैसे मागायला गेल्यावर वाद होतो, किंवा संकोचाने कोणी मागतच नाही. ५ चा दर आणि ३० ची मर्यादा असे स्पष्ट लिहिले की दोघेही निर्धास्त. पहिल्यांदाच आयोजन करत असाल तर ठोक रक्कम आगाऊ घेण्यावर भर द्या. नंतर देण्याच्या बोलीवर राहिलेल्या रकमेत गळती ठरलेली असते, आणि ती वेगाने वाढते. म्हणून वसुलीची मुदत पदयात्रेनंतर १४ दिवस, एवढीच ठेवा.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी अनोळखी दारांवर जाऊ नये. त्यांचे प्रायोजक घरचे, नात्यातले, ओळखीचे. पत्रकावर पालकाची सही हवी.

आता बोलण्याची तयारी. पदयात्रेच्या पाच-सहा आठवडे आधी सगळ्यांना दीड तास एकत्र बसवा. अर्धा तास माहिती, उरलेला वेळ सराव. दोघादोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने प्रायोजक व्हायचे आणि अवघड प्रश्न विचारायचे. हे चार हमखास येतात.

'आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का?' यावर दुःखांची तुलना करू नका. प्रश्न आहेत हे मान्य करा. मग सांगा, की तिथे यावर तोंड उघडणाऱ्याला तुरुंगात टाकतात आणि इथे आपल्याला बोलता येते, म्हणून आपण बोलतो आहोत.

'चालून काय होणार?' मोठे आश्वासन देऊ नका. मागणी काय आहे, ती कोणाकडे जाणार आणि पैशातून काय होणार, एवढेच सांगा. ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती लगेच जाणवते.

'पैसे पोचतात कशावरून?' संस्थेचे पत्र दाखवा, आणि हिशेब कोणत्या तारखेला मिळेल ते सांगा.

'तुम्ही कोणत्या पक्षाचे?' उत्तर एका वाक्याचे ठेवा आणि ते आयोजकांनी आधी ठरवून सगळ्यांना एकसारखे द्या.

माहीत नसलेल्या प्रश्नावर 'विचारून कळवतो' म्हणायचे आणि खरोखर कळवायचे. अंदाजाने सांगितलेला एक आकडा दहा घरी फिरतो. प्रत्येकाला खिशात मावेल असे एक कार्ड द्या: एका बाजूला वाक्य, मागणी आणि तीन तपासलेली तथ्ये; दुसऱ्या बाजूला या चार प्रश्नांची उत्तरे.

५. तारीख आणि मार्ग

१० डिसेंबर हा मानवी हक्क दिन, २६ जून छळपीडितांच्या पाठिंब्याचा दिवस, २० जून जागतिक निर्वासित दिन, ३० ऑगस्ट सक्तीने बेपत्ता केलेल्यांचा, ३ मे वृत्तपत्रस्वातंत्र्याचा. दिनविशेषाला बातमी मिळणे सोपे असते, पण त्या दिवशी इतरांचेही कार्यक्रम असतात. तुमची मागणी आढाव्याशी जोडलेली असेल तर त्या देशाचा आढावा कधी आहे ते बघा आणि तीन-चार महिने आधीची सुट्टीची तारीख धरा. मागणी पोचायला तेवढा वेळ लागतो.

अंतर ५ ते ८ किलोमीटर पुरे. त्याच्या निम्म्यावर बाहेर पडण्याची सोय हवी. चाकाच्या खुर्चीला चढता येईल असे उतार, स्वच्छतागृहे, सावली, आणि शेवटी सभेला पुरेशी जागा हे बघून घ्या. ज्या वारी आणि ज्या वेळी पदयात्रा आहे त्याच वारी, त्याच वेळी मार्ग स्वतः चालून पाहा. कामाच्या दिवशी दुपारी मोकळा वाटलेला चौक सुट्टीच्या सकाळी बाजाराने भरलेला असू शकतो. प्रत्येक सिग्नलला थांबून चालणाऱ्यांना किती सेकंद मिळतात ते मोजा. १५० मीटरची रांग एका हिरव्या दिव्यात पार होत नाही. तिचे ४०-५० जणांचे गट पाडावेच लागतात आणि प्रत्येक गटाला पुढे-मागे एकेक स्वयंसेवक लागतो.

मार्गाचाच फलक करता येतो. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ३० कलमे आहेत. ६ किलोमीटरच्या वाटेवर दर २०० मीटरला एक अशी ती लावली, तर चालणारा चालता चालता अख्खा जाहीरनामा वाचतो. पाचव्या फलकावर छळापासून मुक्ती, नवव्यावर मनमानी अटकेस मनाई, चौदाव्यावर आश्रय मागण्याचा हक्क, एकोणिसाव्यावर अभिव्यक्ती. जिथे तुमच्या विषयाचा भंग होतो त्या कलमाखाली तपासलेली एक ओळ लिहा. बाकीची नुसती ठेवा. जाहीरनामा ५०० हून अधिक भाषांत उपलब्ध आहे, तेव्हा पीडितांच्या भाषेतले वाक्यही त्यावर घ्या. पाच मीटरवरून वाचायचे तर अक्षराची उंची किमान ४ सेंटीमीटर हवी, आणि एका फलकावर १२ शब्दांपेक्षा जास्त नकोत.

६. परवानग्या आणि कागदपत्रे

शांततेने एकत्र येण्याचा हक्क जाहीरनाम्याच्या २० व्या कलमात आणि १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या २१ व्या कलमात आहे. तरीही पोलिसांना आणि स्थानिक प्रशासनाला पूर्वसूचना किंवा अर्ज बहुतेक ठिकाणी द्यावा लागतो. सहा आठवडे आधी द्या. तोंडी 'करा, काही हरकत नाही' यावर विसंबू नका. तो अधिकारी त्या दिवशी रजेवर असतो.

परकीय दूतावासासमोरून जाणार असाल तर ते अर्जात ठळकपणे लिहा. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाच्या संरक्षणाची जबाबदारी यजमान देशावर असते, त्यामुळे पोलीस अंतराची अट घालतात. निवेदन आत कोण नेणार, किती जण जाणार आणि आत घेतलेच नाही तर काय, हे आधी ठरवा. निवेदन न स्वीकारणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रत टपालाने पाठवण्याची तयारी ठेवा.

फाइलमध्ये ठेवायचे कागद: सूचना किंवा परवानगीपत्राची शिक्का असलेली प्रत, मार्गाचा नकाशा, मैदान किंवा सभागृहाची परवानगी, ध्वनिवर्धकाची परवानगी लागत असल्यास तीही, सार्वजनिक दायित्वाचा विमा, संस्थेचे संमतीपत्र, अल्पवयीनांची पालकपत्रे, रुग्णवाहिका आणि जवळच्या रुग्णालयाचे क्रमांक, घोषणांची मंजूर यादी. तीन संच काढा: पुढच्याकडे, शेवटच्याकडे आणि आरंभस्थळी.

७. पदयात्रेचा दिवस

दर २५ जणांमागे एक स्वयंसेवक, शिवाय प्रत्येक चौकात दोन. सगळ्यांत पुढे चालणाऱ्याने वेग ठरवायचा, आणि तो सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला झेपेल असा. शेवटच्या स्वयंसेवकाच्या मागे कोणीही राहता कामा नये.

सामान: चमकदार जाकिटे, शिट्ट्या, एक भोंगा, माणशी ताशी अर्धा लिटर पाणी आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त, प्रथमोपचार पेटी. पेटीत फोडांसाठी पट्ट्या भरपूर घ्या. सगळ्यांत जास्त त्याच संपतात. फलकांना धातूच्या किंवा जाड लाकडी काठ्या नकोत, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरा. मोठ्या कापडी फलकाला वारा जायला चिरा पाडा, नाहीतर धरणाऱ्यांचे हात भरून येतात आणि अर्ध्या वाटेत तो गुंडाळला जातो. निम्म्यावर आणि शेवटी पत्रकावर शिक्का मारायला टेबल मांडा.

कोणी अंगावर ओरडत आले तर चालणाऱ्यांनी थांबायचे नाही. दोन अनुभवी स्वयंसेवक मध्ये उभे राहतील, वाद घालणार नाहीत. रस्त्यात रोख देणगी मिळाली तर सीलबंद डब्यात, आणि डबा दोघांनी मिळून मोजायचा. शेवटची सभा २० मिनिटांची ठेवा. त्या देशातून आलेल्या कोणाला बोलायचे असेल तर पहिले बोलणे त्यांचे, आणि काय सांगायचे, किती सांगायचे हेही त्यांनीच ठरवायचे. छळाचा तपशील श्रोत्यांसाठी पुन्हा सांगायला लावू नका.

८. नंतरचे सहा आठवडे

दुसऱ्या दिवशी चालणाऱ्यांना वसुलीची आठवण, सातव्या दिवशी दुसरी, चौदाव्या दिवशी पत्रके परत. ज्यांचे आले नाहीत त्यांना फोन करा. बरेच जण केवळ मागायला अवघडलेले असतात, त्यांच्यासोबत कोणी गेले की काम होते. तिसऱ्या आठवड्यात बँक खाते आणि पावत्यांची स्थळप्रत जुळवा, फरक कितीही लहान असला तरी कारण लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यात रक्कम संस्थेकडे पाठवा आणि पोचपावती घ्या.

मग पत्रकावर 'हो' लिहिलेल्या प्रत्येक प्रायोजकाला एक पान पाठवा: किती जण चालले, किती जमले, खर्च किती, रक्कम कोणाला कधी पोचली, आणि मागणीचे निवेदन कोणाला दिले. उत्तर आले असेल तर त्यातला मजकूर, आले नसेल तर 'अजून उत्तर नाही' एवढेच. त्याच पानाची प्रत त्या देशातून आलेल्यांच्या संघटनेला त्यांच्या भाषेत द्या. पुढच्या आढाव्याची तारीख वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी तुमच्या सरकारच्या प्रतिनिधीने काय विचारले ते ऐकून प्रायोजकांना कळवा.